मुंबईच्या रस्त्यांवर रात्री फोटो काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवेलागणीपासून पहिली लोकल सुटेपर्यंतच्या मुंबईबद्दल हे पान आहे. रस्ते आणि रस्त्यावरची माणसं एवढाच विषय. लग्नं, पार्ट्या, मॉडेल घेऊन केलेलं शूट यात नाही. प्रश्न तुमच्याच निरोपांमधून उचललेत, थोडे साफसूफ करून. आधी कॅमेऱ्याचे, मग जागांचे, मग माणसांचे आणि कायद्याचे. घाईत असाल तर प्रश्न ९ ते १३ आधी वाचा. सेटिंग नंतर कधीही शिकता येतं.

१. माझ्याकडे फक्त मोबाईल आहे. रात्रीसाठी कॅमेरा घ्यावाच लागेल का?

नाही. गेल्या चार-पाच वर्षांतला बरा मोबाईल पुरतो, फक्त त्याचे दोन-तीन स्वभाव ठाऊक हवेत. नाइट मोड एका फोटोसाठी अनेक फ्रेम घेतो आणि एकावर एक बसवतो. इमारत, रिकामा रस्ता, उभी टॅक्सी यांना ते मानवतं. चालता माणूस मात्र त्यात विरघळतो, नाहीतर त्याला तिसरा हात फुटतो. फ्रेममध्ये माणूस असेल तर नाइट मोड बंद करा आणि त्याऐवजी उजेडाजवळ जा. झूम करू नका, मुख्य लेन्सच वापरा; बाकीच्या लेन्सला उजेड कमी मिळतो. स्क्रीनवर सगळ्यात उजळ भागावर बोट टेकवून उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा, म्हणजे बल्बचा पांढरा गोळा होत नाही.

आणि लेन्स पुसा. प्रत्येक दिव्याला पिसारा फुटलाय अशी तक्रार घेऊन येणाऱ्या निम्म्या फोटोंचं मूळ बोटाच्या तेलात असतं.

कॅमेरा घ्यायचाच असेल तर जुनी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि ३५ किंवा ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स घ्या; एफचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त. नवी बॉडी आणि तिच्यासोबत येणारी साधी झूम लेन्स यापेक्षा हा सौदा रात्री केव्हाही बरा.

२. सेटिंग काय ठेवायचं? लक्षात राहील असं एकच सांगा.

एफ/२, शटर १/१०० (सेकंदाचा शंभरावा भाग), आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) ऑटो, त्याची कमाल ६४००, आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करणं) उणे एक. दुकानांच्या उजेडात उभ्या किंवा रेंगाळणाऱ्या माणसांसाठी एवढं चालतं. माणूस झपाझप चालत असेल तर १/२००. अंधारी गल्ली आणि स्थिर माणूस असेल तर १/५०.

उणे एक कशासाठी? कॅमेऱ्याला रात्र कळत नाही. तो काळ्याचा राखाडी करायला बघतो आणि त्या नादात दिवे, पाट्या, चेहरे जाळून टाकतो. रात्र काळीच दिसू द्या. जास्त आयएसओमुळे फोटोत दाणे आले तर येऊ द्या. दाण्यांमुळे चांगला फोटो टाकून दिलेला मी कुणी पाहिलेला नाही, हललेला मात्र रोज टाकतात. फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ठेवा, कारण प्रश्न ५ मध्ये आहे.

३. ट्रायपॉड नेऊ का?

माणसांसाठी नको. ट्रायपॉड उघडला की तुम्ही रस्त्यावरचे राहत नाही, ‘शूटिंगवाले’ होता. भोवती घोळका जमतो, वॉचमन येतो, मागोमाग पोलिस येतो. त्यातून कॅमेरा स्थिर झाला तरी माणूस हलतोच. खांबाला खांदा टेकवा, कोपर पोटाशी घ्या, श्वास सोडताना शटर दाबा.

अपवाद इमारतींचा आणि गाड्यांच्या लाल-पांढऱ्या रेषांचा. सीएसएमटीसमोर महापालिकेच्या इमारतीच्या कोपऱ्यावरून आठ-दहा सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये बेस्टच्या बसची रेघ स्टेशनाखालून वाहते. फोटो सुंदर येतो आणि सगळ्यांकडे असतो. लहान टेबल-ट्रायपॉड कठड्यावर ठेवून तो काढा आणि पुढे चला.

४. फोटोत आडवे काळे पट्टे येतात. कॅमेरा बिघडलाय का?

नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते दिसत नाही, वेगवान शटरला दिसतं. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की एक पूर्ण लहर आत येते आणि पट्टे जातात. प्रश्न २ मधला आकडा त्यासाठीच तसा आहे. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर पट्टे जास्त येतात, ते बंद करून मेकॅनिकल लावा. मोठे एलईडी जाहिरात फलक वेगळ्याच वेगाने लुकलुकतात. त्यांच्यापुढे हा उपाय नेहमी चालतोच असं नाही, तिथे शटर थोडं इकडेतिकडे करून पाहा.

५. सगळं पिवळं किंवा हिरवट येतं. खरे रंग कसे आणायचे?

कोणत्या दिव्याखाली उभे आहात त्यावर आहे. सोडियमच्या जुन्या नारिंगी दिव्याच्या उजेडात मुळात फारसे रंगच नसतात, त्यामुळे निळा सदरा निळा येणार नाही, कितीही खटपट करा. असा फोटो सरळ कृष्णधवल करा नाहीतर नारिंगीच ठेवा. मुंबईत आता असे दिवे कमी उरलेत. २०१५ साली मरीन ड्राइव्हवरचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा ‘राणीचा हार’ फिका पडला म्हणून केवढा गहजब झाला होता, आठवत असेल.

आज खरी अडचण मिसळीची आहे. वर पांढरा पथदिवा, दुकानात हिरवट ट्यूब, गाडीवर पिवळा बल्ब. सगळं एकदम दुरुस्त होत नाही. चेहऱ्यावर जो उजेड पडलाय तेवढाच बरोबर करा, बाकीचे दिवे त्यांच्या रंगात राहू द्या. ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेरा स्वतः रंग जुळवतो ती सेटिंग) प्रत्येक फोटोला वेगळा कौल देतो, म्हणून मी तो ४००० केल्विनवर (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) अडकवून ठेवते आणि घरी आल्यावर रॉ फाइलमध्ये हलवते.

६. अंधारात ऑटोफोकस नुसता पुढे-मागे करत बसतो. काय करू?

त्याला कडा द्या: चेहरा आणि त्यामागचा उजेड यांची सीमा, सदऱ्याची कॉलर, चष्म्याची काडी. तरीही अडत असेल तर फोकस हातानेच बांधून टाका. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २८ मिलिमीटर लेन्स, एफ/४, फोकस अडीच मीटरवर: साधारण १.८ ते ४ मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं. त्या पट्ट्यात माणूस आला की दाबा. उजेड कमी पडतो म्हणून ही युक्ती उजळलेल्या दुकानांपुढे, स्टेशनाबाहेर चालते. काळोख्या गल्लीत नाही.

७. फ्लॅश वापरावा का?

मी वापरत नाही. फ्लॅशने फोटो येतो, पण तो फ्लॅशचा येतो; तिथला बल्ब, तिथली वाफ त्यात मरते. शिवाय फ्लॅश मारणं म्हणजे अंधारात एखाद्याच्या तोंडावर बॅटरी धरणं. ज्यांना चांगला जमतो ते आधी ओळख करून घेतात. गाडी चालवणाऱ्यावर, दुचाकीवाल्यावर, लहान बाळावर, जनावरावर कधीच नाही.

८. मुंबईत रात्री नेमकं कुठे आणि किती वाजता जायचं?

‘कुठे’पेक्षा ‘किती वाजता’ मोठा प्रश्न आहे. तीच जागा दोन तासांत वेगळं गाव होते.

संध्याकाळी सात ते नऊ चर्चगेट आणि सीएसएमटी परिसर: घरी जाणारी गर्दी. आकाशात निळा रंग शिल्लक असतो तो सूर्यास्तानंतरचा जेमतेम अर्धा तास, त्यानंतर आकाश नुसतं काळं. ओव्हल मैदानाच्या एका बाजूला गॉथिक, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको इमारती आहेत. २०१८ पासून दोन्ही मिळून जागतिक वारसा आहे. त्या अर्ध्या तासात तिथे असायला हरकत नाही.

दहा ते बारा: स्टेशनांबाहेरच्या भुर्जीपावच्या गाड्या. तव्याच्या वर चार्जिंगचा एक बल्ब लटकलेला असतो. तो बल्ब भुर्जीवाल्याच्या खांद्याआड किंवा टांगलेल्या पावांच्या लादीआड जाईल असे उभे राहा. मग वाफ मागून उजळते आणि चेहऱ्यावर तव्याची चमक खालून येते. गिऱ्हाइकांच्या रांगेत मात्र आडवे येऊ नका, त्याचा धंदा त्या दोन-तीन तासांचा असतो.

रमजानमध्ये इफ्तारनंतर मोहम्मद अली रोड, मिनारा मशिदीची गल्ली. याविषयी प्रश्न १९.

पहाटे चारनंतर दादर पश्चिमेचं फूल मार्केट, उड्डाणपुलाखाली आणि आजूबाजूला. एकच जागा निवडायला सांगितली तर मी ही निवडेन. वरून पडणाऱ्या दिव्यामुळे डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात ही रात्रीच्या फोटोंची कायमची रड; इथे झेंडूचे ढीग तोच उजेड परत वर फेकतात. ढिगावर वाकलेल्या माणसाच्या हनुवटीखाली, पापण्यांखाली पिवळसर ऊब येते. शेवंतीच्या ढिगाजवळ तो उजेड पांढरट होतो, गुलाबाजवळ जवळजवळ नाहीच. म्हणून झेंडूवाल्याच्या समोर, वाट मोकळी ठेवून, पाठ खांबाला लावून उभे राहा आणि वाट पाहा. डोक्यावर बोचकं घेऊन येणारा हमाल ‘बाजू, बाजू’ म्हणतो तेव्हा तो फोटोसाठी थांबणार नसतो. खरोखर बाजूला व्हा.

त्याच वेळी फोर्टात आणि बऱ्याच स्टेशनांबाहेर पेपरचे गठ्ठे सुटतात. फुटपाथवर बसून पुरवण्या भरणाऱ्या हातांचा वेग पाहण्यासारखा असतो. शटर १/५० ठेवा, हात हलू द्या, चेहरा स्थिर राहील.

ससून डॉकबद्दल सगळे विचारतात. पहाटेचा माशांचा लिलाव, कोळणी, बर्फ, पाट्या हे सगळं आहेच. पण आत फोटोवर बंधन आहे आणि शेजारी नौदलाचा परिसर आहे. परवानगी काढून जा, लपूनछपून नको.

वांद्रे-वरळी सागरी सेतूवर थांबायला मनाई आहे, पायी आणि दुचाकीवरून जाताही येत नाही. तो वांद्रे रेक्लमेशनवरून किंवा दादर चौपाटीवरून काढा.

९. अनोळखी माणसाचा फोटो काढायचा तर आधी विचारायचं की काढून मोकळं व्हायचं?

दिवसा आणि रात्री याचं उत्तर वेगळं आहे असं माझं मत आहे. दिवसा गर्दीत आपण सगळेच एकमेकांच्या नजरेत असतो. रात्री बारानंतर रस्त्यावर जो असतो तो कामावर असतो, थकलेला असतो, किंवा त्याला जायला दुसरी जागा नसते. त्याच्यावर अंधारातून कॅमेरा रोखला तर तो दचकतो, आणि दचकण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.

माझी पद्धत अशी: माणूस फ्रेमचा एक भाग असेल, म्हणजे गर्दी, पाठमोरी आकृती, सावली, तर विचारत नाही. चेहरा हाच फोटो असेल तर विचारते. विचारणं म्हणजे भाषण नव्हे. कॅमेरा खाली, दिसेल असा गळ्यात. आधी चहा घ्यायचा, दोन वाक्यं बोलायची, मग ‘काका, एक फोटो काढू का? तुम्ही काम करत राहा.’ दुसरं वाक्य महत्त्वाचं, नाहीतर काका तवा सोडून, केस सारखे करून ताठ उभे राहतात. तसे राहिले तर तोही फोटो काढा, तो त्यांच्यासाठी. मग तिथेच रेंगाळा. दहाएक मिनिटांत ते तुम्हाला विसरतात आणि तुमचा फोटो तेव्हा मिळतो.

मावशी, दादा, ताई, काका, भाईजान, जे त्या गल्लीत चालतं ते. ‘एक्स्क्यूज मी’ म्हणालात की समोरचा तुम्हाला पत्रकार समजतो आणि पाण्याची तक्रार सांगू लागतो. (ऐकून घ्या.)

नाही म्हणाले तर नाही. मान हलवली, हात आडवा केला, नुसती पाठ फिरवली, हे सगळं नाहीच असतं.

१०. फोटो काढल्यावर कुणी ‘डिलीट कर’ म्हणालं तर?

करा. त्याच्यासमोर करा, कचरापेटीतूनही काढून दाखवा. कायद्याने तुम्हाला भाग पाडता येतं का, हा वाद रात्री एक वाजता नाक्यावर घालायचा नसतो. पोलिसांनी सांगितलं तर वेगळं आहे, ते प्रश्न १५ मध्ये.

११. पैसे मागितले तर द्यायचे का?

फोटोचे पैसे मी देत नाही, वस्तूचे देते. गजरा घ्या, भुर्जी खा, सायकलवरच्या चहावाल्याकडून चहा घ्या. पण समोरच्याने आधीच ‘फोटोचे इतके’ म्हटलं आणि तुम्ही हो म्हणालात, तर मग घासाघीस न करता द्या. सगळ्यात चांगली परतफेड म्हणजे छापलेला फोटो. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो चार दिवसांत खाली जातो, छापलेला गाडीच्या काचेवर चिकटवलेला दिसतो. शिवाय फोटो द्यायला पुन्हा गेलात की ती गल्ली तुमच्या ओळखीची होते.

१२. फुटपाथवर झोपलेल्या माणसांचे फोटो काढावेत का? मुंबईचं वास्तवच आहे ना ते?

नाही काढू. एवढ्या स्पष्ट शब्दांत सांगते कारण हा प्रश्न सर्वात जास्त येतो आणि सोबत जोडलेले फोटो सर्वात जास्त सारखे असतात: चादर, उघडे पाय, मागे श्रीमंती जाहिरात.

झोपलेला माणूस हो-नाही म्हणू शकत नाही. तुमची झोप दाराआड होते, त्याची उघड्यावर होते, एवढ्यावरून ती सार्वजनिक ठरत नाही. वास्तव दाखवायचं असेल तर संध्याकाळी जा, तो जागा असताना बसा, बोला. चूल पेटते, मुलं रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास करतात, पाण्याचे ड्रम भरले जातात. हेही वास्तवच आहे आणि त्यात माणूस तुमच्याकडे बघत असतो.

हेच नशेत पडलेल्यांना, अपघातात सापडलेल्यांना लागू. अपघात दिसला तर ११२ लावा.

कामाठीपुऱ्याविषयीही इथेच सांगते: तिथल्या बायकांचे चोरून काढलेले फोटो हा छंद नव्हे. ओळख उघड झाली की गावाकडच्या घरापर्यंत त्याचे परिणाम पोचतात.

१३. रस्त्यावरची मुलं स्वतःच ‘फोटो काढ’ म्हणून मागे लागतात. मग तर चालेल ना?

काढा, त्यांना दाखवा, हसा. पण कुठेही टाकताना थांबा. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, छायाचित्र माध्यमांत प्रसिद्ध करायला मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घर नसलेली, भीक मागताना किंवा कामावर सापडलेली मुलं त्या व्याख्येत येतात. मुलाने स्वतः दिलेली परवानगी इथे कामाची नाही. आई-बाप शेजारी असतील तर त्यांना विचारा, आणि तरीही ‘गरीब बिचारं पोर’ छापाचा फोटो असेल तर स्वतःजवळ ठेवा.

एखादं मूल रात्री एकटं, हरवलेलं किंवा घाबरलेलं दिसलं तर कॅमेरा पिशवीत टाका आणि १०९८ ला फोन करा.

१४. रस्त्यावर फोटो काढायला परवानगी लागते का? कायदा काय म्हणतो?

सार्वजनिक रस्त्यावर हातातल्या कॅमेऱ्याने, स्वतःसाठी फोटो काढायला सरसकट बंदी करणारा कायदा आपल्याकडे नाही. मर्यादा मात्र आहेत.

संरक्षण आणि तत्सम ठिकाणं: १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम लागू होतो. मुंबईत नौदल गोदी, कुलाब्याचा लष्करी भाग, अणुशक्तीनगरकडचा परिसर. ‘छायाचित्रणास मनाई’ अशी पाटी दिसली की वाद नाही.

बायकांचे खासगी क्षण: भारतीय न्याय संहितेचं कलम ७७. १ जुलै २०२४ पूर्वी हेच भारतीय दंड संहितेत ३५४-सी म्हणून होतं. यावर प्रश्न २१ पाहा. एखाद्या बाईच्या मागे मागे कॅमेरा घेऊन फिरलात तर कलम ७८, म्हणजे पाठलाग, लागू शकतं. ‘स्ट्रीट फोटोग्राफी करत होतो’ ही सबब पुढे करू नका.

खासगी जागा: मॉल, हॉटेल, सोसायटीचं आवार, पेट्रोल पंप. तिथे मालकाचा शब्द चालतो.

जाहिरात, सिनेमा, मोठं युनिट असेल तर परवानग्या लागतातच. त्या कामाची माणसं वेगळी असतात आणि तो या पानाचा विषय नाही.

१५. रात्री पोलिसांनी हटकलं तर काय करायचं?

कॅमेरा खाली, आवाज खाली, ओळखपत्र हातात. नाकाबंदीवरचा हवालदार आठ-दहा तास उभा असतो. ‘साहेब, छंद आहे, हे बघा फोटो’ म्हणून शेवटचे चार-पाच दाखवले की बहुतेक वेळा ‘चला, घरी जा’वर मिटतं. म्हणूनच त्या रात्रीचे फोटो दाखवण्यासारखे असले पाहिजेत, हा प्रश्न १२ चा आणखी एक फायदा.

निघून जा म्हणाले तर निघा. दुसरी गल्ली आहे. कॅमेरा ताब्यात घेऊ लागले तर झटापट करू नका, पण जप्तीचा लेखी कागद मागा, पोलिस ठाण्याचं नाव आणि नावपट्टीवरचं नाव टिपून ठेवा. आपलं मेमरी कार्ड तिथल्या तिथे फॉरमॅट करू नका. काही घडलंच असेल तर तुमच्या बाजूचा पुरावा तोच असतो.

१६. लोकलमध्ये आणि स्टेशनावर फोटो काढता येतात का?

तिकीट, पास किंवा फलाट तिकीट हवंच. मोबाईलवर कुणी फारसं बोलत नाही, मोठ्या कॅमेऱ्याला आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) हटकतं, ट्रायपॉडला हमखास. व्यावसायिक कामाला रेल्वेची पूर्वपरवानगी लागते. रुळात उतरून, दारात लटकून, टपाच्या उंचीवरून काही काढू नका. वरच्या तारांमध्ये २५,००० व्होल्ट असतात, सेल्फी स्टिकही त्यांच्या जवळ नेऊ नये.

डब्यातली माणसं जवळून काढायची तर समोर बसा, सरळ विचारा. लेडीज डब्यात, तुम्ही स्वतः बाई असलात तरी, विचारल्याशिवाय नाहीच. तिथे बायका पाय वर घेऊन, ओढणी बाजूला टाकून बसतात कारण तो डबा त्यांचा असतो.

शेवटच्या गाड्या साडेबारा-एकच्या सुमारास जातात आणि पहिल्या चारनंतर सुरू होतात. मधल्या वेळेत घरी कसं जायचं ते आधी ठरवा. शहरात रिक्षा नसते, वांद्रे-सायनच्या पलीकडेच.

१७. मी मुलगी आहे. एकटीने जाऊ का?

जा, पण पहिल्यांदा दोघीतिघी जा. मी आजही नवीन भागात एकटी जात नाही. जिथे बायका काम करतात ती जागा आणि ती वेळ आधी निवडा: दादरचं फूल मार्केट, मासळी बाजाराबाहेरचा रस्ता, रमजानच्या रात्री, नवरात्र. तिथे तुम्ही वेगळ्या दिसत नाही, आणि गजरे ओवणारी मावशी मुलग्यांना जे देणार नाही ते तुम्हाला देते: जवळ बसायला जागा. लोकेशन घरी शेअर करा, दोन्ही हात एकदम कॅमेऱ्यावर नकोत, डोळा व्ह्यूफाइंडरला लावल्यावर मधूनमधून मागे बघा. मुंबई पोलिसांचा महिलांसाठीचा क्रमांक १०३.

मुलग्यांनो, हे तुम्हीही वाचलंत तर बरं: रात्री एकट्या चाललेल्या बाईचा मागून ‘मूडी’ फोटो तुम्हाला कलात्मक वाटतो, तिला फक्त मागे येणारी पावलं ऐकू येतात.

१८. पावसाळ्यात काढायचे की कॅमेरा कपाटात ठेवायचा?

पावसाळा म्हणजे मुंबईच्या रात्रीचा सर्वात चांगला हंगाम. ओला डांबरी रस्ता प्रत्येक दिव्याला दोनदा दाखवतो आणि उजेड फुकटात दुप्पट होतो. सर थांबल्यावरची पहिली पंधरा मिनिटं धरा. कॅमेऱ्याला शॉवर कॅप, तुम्हाला छत्री आणि पायात घसरणार नाहीत अशा चपला. साचलेल्या पाण्यात उतरू नका, उघड्या गटारांचा भरवसा नाही.

एसी गाडीतून किंवा खोलीतून बाहेर आलात की लेन्सवर धुकं बसतं. पुसू नका, पुन्हा बसतं. कॅमेरा पिशवीतच पंधरा-वीस मिनिटं ठेवून बाहेरच्या हवेला येऊ द्या. घरी आल्यावर सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा. चामड्याच्या केसमध्ये ठेवलेल्या लेन्सला इथल्या दमटपणात बुरशी धरते आणि ती काढण्याचा खर्च कधी कधी लेन्सएवढा होतो.

१९. विसर्जन, रमजान, सहा डिसेंबर अशा रात्री काही वेगळे नियम आहेत का?

आहेत. अनंत चतुर्दशीला लालबागचा राजा सकाळी निघतो आणि गिरगाव चौपाटीवर दुसऱ्या दिवशी पोचतो. म्हणजे पूर्ण रात्र रस्त्यावर. मूर्तीचे फोटो लाखो निघतात. मिरवणूक पुढे गेल्यावर दुभाजकावर बसून पाय चोळणारे ढोलवाले, गुलालाने लाल झालेला सफाई कामगार यांचे फारसे निघत नाहीत. गुलाल कॅमेऱ्यात जातो, रस्त्यात लेन्स बदलू नका. मोबाईल आणि पाकीट पुढच्या खिशात.

मोहम्मद अली रोडला मालपुव्याच्या कढईभोवती कुणी हरकत घेत नाही. मशिदीच्या आत, वजू (नमाजाआधी हातपाय धुणं) करताना, नमाजात मात्र विचारूनच, आणि नमाज पढणाऱ्याच्या समोरून कधीच नाही.

पाच डिसेंबरच्या रात्री शिवाजी पार्कात महाराष्ट्रभरातून आलेली माणसं मुक्कामाला असतात, चैत्यभूमीची रांग रात्रभर चालते. सहा डिसेंबर हा महापरिनिर्वाण दिन आहे, जत्रा नव्हे. पुस्तकांच्या स्टॉलवरच्या दिव्याखाली पुस्तक चाळणाऱ्या आजीचा फोटो विचारून काढा. मैदानात झोपलेल्या कुटुंबांचे नकोत. प्रश्न १२ इथेही तसाच.

२०. फोटो इन्स्टाग्रामवर टाकायला, विकायला किंवा स्पर्धेला पाठवायला त्या माणसाची लेखी संमती लागते का?

तिन्हींची उत्तरं वेगळी. प्रदर्शन, बातमी, स्वतःचं पान यासाठी लेखी संमतीचा रिवाज नाही, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलंय, तेव्हा ‘रस्त्यावर होता ना’ एवढ्यावर सगळं सुटत नाही. जाहिरातीसाठी किंवा एखाद्या वस्तूच्या प्रचारासाठी विकायचा असेल तर लेखी संमती घ्याच, त्या माणसाला वाचता येणाऱ्या भाषेत. स्पर्धांचे नियम आधी वाचा. पुष्कळ स्पर्धा संमतीपत्र नंतर मागतात आणि तेव्हा तो टॅक्सीवाला सापडत नाही.

फोटोखाली नुसती थट्टा किंवा करुणा ओतणारी ओळ लिहू नका. फोटोपेक्षा त्या ओळीनेच जास्त वेळा भांडणं होतात.

२१. चाळीच्या गॅलऱ्या, उजळलेल्या खिडक्या फार सुंदर दिसतात. त्या काढल्या तर?

पूर्ण इमारत, दहा-वीस खिडक्या, आकृत्या ओळखू न येणाऱ्या: हरकत नाही. एकाच खिडकीवर टेलिलेन्स लावून आतला माणूस: नाही, तुम्ही रस्त्यावर उभे असलात तरी. बाई कपडे बदलत असेल किंवा असा कोणताही खासगी क्षण असेल तर कलम ७७ खाली पहिल्याच गुन्ह्याला एक ते तीन वर्षं कैद आहे. चाळीत आत शिरून काढायचं तर ओळखीचं कुणी सोबत हवं.

२२. ड्रोनने रात्रीची मुंबई?

विसरा. ड्रोन नियम, २०२१ आहेतच, वर मुंबई पोलिसांचे मनाई आदेश वरचेवर निघत असतात.

२३. मी मुंबईत राहत नाही. पुणे, कोल्हापूरला यातलं काय चालेल?

कॅमेऱ्याचं आणि माणसांचं सगळं चालेल, फक्त घड्याळ बदला. पुण्यात नऊनंतर बऱ्याच पेठा मिटतात. मार्केट यार्ड पहाटे जागं होतं, आणि विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळते, तेव्हा लक्ष्मी रोड रात्रभर तुमचाच. कोल्हापुरात गंगावेशीतला दूध कट्टा आहे. म्हशी समोर उभ्या, धारोष्ण दुधाचा पेला हातात, वर एक दिवा. तिथे फ्लॅश मारलात तर आधी म्हैस बिथरेल, मग मालक.